वीर नर्मद विद्यापीठ : पदवीच्या पुढची वाट

वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ हे सुरतेतील उधना-मगदल्ला रस्त्यावरचे सरकारी विद्यापीठ. १९६५ च्या कायद्याने ते दक्षिण गुजरात विद्यापीठ म्हणून स्थापन झाले आणि २००४ मध्ये सुरतचे कवी व ‘नर्मकोश’कार नर्मद यांचे नाव त्याला मिळाले. सुरत, नवसारी, वलसाड, तापी, डांग या पट्ट्यातल्या मुलांना उच्च शिक्षणासाठी अहमदाबाद किंवा मुंबई गाठावी लागू नये, हा अशा प्रादेशिक विद्यापीठाचा मोठा उपयोग. दुसरा उपयोग आपल्या परिसरातल्या विषयांवरील संशोधनाचा. ऑस्ट्रेलियातील टाउन्सविलचे जेम्स कुक विद्यापीठ १९७० मध्ये स्वतंत्र झाले आणि जवळच्या समुद्रातील प्रवाळांच्या अभ्यासासाठी जगभर ओळखले जाऊ लागले. सुरतेच्या दारातले असे विषय म्हणजे कापड, हिरे आणि पोटासाठी शहरात आलेला माणूस.

सुरतेच्या डिंडोली भागातल्या खानदेशी घरांमध्ये विद्यापीठाचे नाव बहुधा गुणपत्रिकेवरच भेटते. मुलगी जवळच्या महाविद्यालयातून बी.कॉम. होते, मुलगा पदवी हातात पडताच रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये बिले काढायला बसतो. पण संलग्न महाविद्यालय आणि विद्यापीठाचा स्वतःचा विभाग यांत मोठा फरक आहे. पदवीचे शिक्षण मुख्यतः महाविद्यालयांत होते. रसायनशास्त्र, जीवशास्त्र, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, ग्रामीण अभ्यास अशा विषयांचे पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी. विद्यापीठाच्या आवारातल्या विभागांत होते. डिंडोलीच्या मुलाला तिथे वसतिगृहाचा खर्च नाही. घरून जाऊन-येऊन एम.एस्सी. करता येते. ही सोय पालकांनी फार कमी लेखली आहे. इंजिनिअरिंगचा मार्ग मात्र वेगळा : राज्यातील बरीच इंजिनिअरिंग महाविद्यालये २००७ मध्ये स्थापन झालेल्या गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीशी जोडलेली आहेत.

आवारातच सेंटर फॉर सोशल स्टडीज ही स्वायत्त संशोधन संस्था आहे. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी ती उभारली. सुरतेतल्या १९९४ च्या प्लेगवर पुस्तक लिहिणारे घनश्याम शाह याच संस्थेत काम केलेले अभ्यासक. ज्या मुलाने घरी आईला साडीवर स्टोन लावताना आणि दर नगाचा हिशेब वहीत मांडताना पाहिले आहे, त्याला घरबसल्या मजुरीचा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. अर्थशास्त्रात किंवा समाजशास्त्रात संशोधन करायचे तर ही त्याची जमेची बाजू आहे.

‘पीएच.डी.ला पाच वर्षे, तोवर खायचे काय?’ ही पालकांची धास्ती खरी आहे. यूजीसी नेट देऊन ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली, तर सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये मिळतात. गुजरात सरकारच्या ‘शोध’ योजनेत निवड झालेल्या पूर्णवेळ संशोधकाला दरमहा १५,००० रुपये आणि वर्षाला २०,००० रुपये इतर खर्चासाठी मिळतात. दोन्हींसाठी स्पर्धा कडक असल्याने नेटची तयारी एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच लागते.

राज्यातील सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशाचे अर्ज २०२४ पासून ‘जीकॅस’ या एकाच पोर्टलवर भरायचे असतात. बारावीला ८० किंवा त्याहून जास्त पर्सेंटाइल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सहा लाखांपर्यंत असेल, तर मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेची मदत पाहावी. जातीच्या दाखल्याची चौकशी मात्र आधीच करावी. जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेल्या कुटुंबाला महाराष्ट्रातल्या दाखल्यावर गुजरातमध्ये आरक्षण आपोआप मिळत नाही. अर्ज भरायच्या शेवटच्या आठवड्यात हे कळले की मुलाचे वर्ष हातचे जाऊ शकते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसमोर भाषेची अडचणही असते. वर्गात शिकवणे मुख्यतः गुजराती किंवा इंग्रजीतून चालते, त्यामुळे अकरावीपासून इंग्रजी वाचनाची सवय लावलेली बरी. मराठीतूनच पुढे शिकायचे असेल, तर १९९० मध्ये स्थापन झालेले जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ हा उधन्याहून थेट रेल्वेने गाठता येणारा पर्याय आहे. तिथे जायचे ठरले तर महाराष्ट्रातल्या रहिवासाच्या अटी आधी तपासाव्या लागतात.