शब्दार्थ, मेंदूलहरी आणि व्यक्तीची ओळख

शब्दाचा कोशगत अर्थ आणि अनुभवगत अर्थ यांतील भेद आपण जाणता. हा भेद यंत्राला टिपता येतो काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

जव्हार-मोखाड्यातील विद्यार्थ्याने ‘राब’ हा शब्द वाचला की रोपांच्या जागेवर पसरलेला पालापाचोळा, त्याला लावलेली आग आणि त्यानंतरची पेरणी हे सारे एकदम जागे होते. शहरी वाचकाला तोच शब्द बहुधा ‘राबणे’ या क्रियापदाकडे नेतो. दोघेही मराठीच वाचत असतात.

वाचताना मेंदूत होणारे विद्युत बदल डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडांनी नोंदविता येतात. ‘आईने नागलीची भाकरी थापली’ हे वाक्य सहज उमजते. ‘आईने नागलीची भाकरी पेरली’ यासारख्या वाक्यातील विसंगत शब्दानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी एक ऋण लहर ठळक होते. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० मध्ये इंग्रजी वाक्यांच्या आधारे हे दाखविले.

अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ४५ व्यक्तींना ‘एफबीआय’, ‘डीव्हीडी’ यांसारखी ७५ संक्षिप्त रूपे वाचावयास दिली. केवळ लहरींवरून संगणकाने ९४ टक्के अचूकतेने व्यक्ती ओळखली. शब्दांमागची स्मृती प्रत्येकाची निराळी असते, हे गृहीतक त्यामागे होते. बोटाचा ठसा चोरीस गेल्यास बदलता येत नाही. शब्दयादी मात्र बदलता येते. अर्थात ४५ जणांतून एकाला ओळखणे निराळे आणि अख्ख्या तालुक्यातून ओळखणे निराळे!

ओळख पटविणे आणि मनातील जाणणे यांतही गल्लत होऊ नये. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूलहरींच्या चाचणीचा आधार घेतला होता. अशी चाचणी सक्तीने करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात दिला. त्या चाचणीत संशयिताला घटनेविषयीची छोटी वाक्ये ऐकवितात. ती कोणत्या बोलीत असावीत, हा प्रश्न मला कायद्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. वारली किंवा कातकरी बोलणाऱ्याला प्रमाण मराठीतील शब्दच परका वाटला, तर लहरीतील फरक अनुभवाचा मानावा की भाषेचा?

स्वाध्याय : ‘राब’, ‘मोह’ आणि ‘चौक’ हे शब्द निरनिराळ्या गावांतील तीन व्यक्तींना ऐकवा. प्रत्येकीला प्रथम सुचलेला अर्थ तिच्याच बोलीत नोंदवा आणि त्यांतील भेदांची कारणे लिहा.