काकू बोलतात तेव्हा काय दाखवायचं

अगं, तुझा व्हिडिओ बघितला. पोळीभाजी केंद्रवाल्या काकूंचं बोलणं फार सुंदर पकडलंयस. त्या मोकळ्या झाल्यात तुझ्यासमोर, आणि ते सगळ्यांना जमत नाही. पण त्या सांगतायत, ‘पहिल्या वर्षी कणीक मळून मनगटं भरून यायची’, आणि पडद्यावर काय, तर मेट्रो! मग बोरिवली स्टेशनबाहेरच्या रिक्षा, मग कबुतरं. शॉट वाईट नाहीत, पण मला त्या क्षणी त्यांची मनगटं बघायची होती गं.

बी-रोल, म्हणजे बोलण्यावर टाकायचे शॉट, घ्यायला बाहेर पडण्याआधी मुलाखत पुन्हा ऐक, कागद-पेन घेऊन. काकूंनी ज्या ज्या वस्तूचं नाव घेतलंय ती लिहून काढ. परात, उधारीची वही, पहाटेचा गॅस, डब्यांच्या पिशव्या. तेवढंच टिपायचं. पोळीभाजी केंद्राच्या त्या एका गाळ्यात तुझा अख्खा व्हिडिओ आहे.

दादासाहेब फाळक्यांनी काय केलं आठव. 1912 साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, आणि भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून टिपलं काय, तर कुंडीतला वाटाणा. दिवसेंदिवस एकाच जागेवरून, थोडं थोडं. पडद्यावर मिनिटभरात बी रुजून रोप उभं राहतं. ‘अंकुराची वाढ’. ती फीत बघून पैसे मिळाले आणि 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. घरातली एक कुंडी आणि माणसाचा धीर, बस्स.

आता पॉकेट 3 कॅमेरा घेऊ का विचारतेस, तर घे, चांगलाच आहे. एक इंची सेन्सर, गिंबल अंगातच. पण हा व्हिडिओ फोनवरच पुरा कर. आधी सेटिंगमध्ये जा. काकूंच्या मागच्या भिंतीवर काळे पट्टे सरकतायत, ते बघितलेस का? आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. आपल्या डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. तुझ्या फोनच्या सेटिंगमध्ये 60 राहिलंय. सेकंदाला 25 फ्रेम कर, शटर 1/50 वर बांधून टाक, पट्टे जातील. व्हाइट बॅलन्सही बांध, नाहीतर शॉट चालू असतानाच कणीक पिवळी-निळी होत राहते. भर उन्हात 1/50 वर सगळं पांढरंफटक पडेल, तिथे एनडी फिल्टर लाव. तो कॅमेऱ्याचा गॉगलच समज.

आता पोळी. हा शॉट नीट घे, कारण तो तुझ्या व्हिडिओचा जीव आहे. वरून घेऊ नकोस, वरून नुसतं गोल दिसतं. फोन तव्याच्या उंचीला आण, डब्यावर टेकव, हातभर लांब, नाहीतर काच वाफेने धुरकटेल. घडीची पोळी फुगताना आधी काठ सुटतो, मग पदर वेगळे होत मधे फुगवटा धरतो, आणि कुठेतरी बारीक भोक पडून वाफ फस्सकन बाहेर येते. सगळं दोन सेकंदांत. 120 फ्रेमवर टिपून 25 वर सोडलंस की तेच जवळजवळ दहा सेकंद दिसेल. मात्र तेव्हा ट्यूब बंद. एवढ्या फ्रेमला शटर वेगाने उघडमीट करतं आणि लुकलुक परत येते. शेगडी दाराशीच आहे, सकाळचा उजेड पुरेल. तू आत उभी राहा, दाराकडे तोंड करून, आणि फोन जरा तिरका धर म्हणजे तव्याच्या मागे दार नाही, ती काळपट भिंत येईल. वाफ दिसते ती मागून उजेड आणि पलीकडे अंधार असला की. आणि स्लो मोशन एवढ्या एकाच शॉटला. वही उघडणारा हात संथ केलास तर तो खोटा वाटेल.

बाकी शॉट साधे. कोपर बरगडीला टेकव आणि दहा सेकंद हलू नकोस. तू तीन सेकंदांत पुढे पळतेस, मग एडिटला बसलीस की धरायला काही उरत नाही. लाटण्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड कर, फोन पोळपाटाजवळ ठेवून, पंखा बंद असताना.

एक जरा नाजूक आहे. मागे पोळ्या लाटणाऱ्या ताईंनी कॅमेरा आल्यावर मान फिरवली, ते दिसतंय. तो शॉट काढून टाक. त्यांच्या घरी सांगितलेलं असेल, नसेल, आपल्याला काय माहीत. उद्या आधी जाऊन विचार, ‘ताई, फक्त हात घेतले तर चालेल?’ आणि घेतलेलं तिथेच दाखव. नको म्हणाल्या तर नको.

डबे निघतात ते स्टेशनच्या अलीकडे, सायकलला पिशव्या अडकवतानाच घे. रेल्वेच्या हद्दीत शूटिंगला परवानगी लागते, आणि लोकलच्या दारातून शॉट हे तर माझ्यासमोर बोलूही नकोस. मैत्रिणीचा ड्रोनही राहू दे. पोलिसांचे बंदीचे आदेश निघत असतात, आणि वरून त्या गाळ्याचा पत्राच तेवढा दिसेल.

पहाटे जायचंय म्हणून काकूंना आजच फोन कर, ऐन डब्यांच्या घाईत दारात उभी राहू नकोस. आणि आलेलं कच्चं फुटेज काही न कापता मला पाठव. कुठला शॉट कुठल्या वाक्यावर बसतो, ते रात्री फोनवर दोघी मिळून लावू.