जाहिरात एआयने लिहिली, पण लेबलवर नाव कुणाचं?



एआयकडून जाहिरात कशी लिहून घ्यायची, हे आपण व्हिडिओत पाहिलं. आज त्याचीच दुसरी बाजू बघू. ती जाहिरात खोटी निघाली, तर जबाबदार कोण?

आपल्या बीडचंच उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही धारूर तालुक्यात सीताफळाच्या गराचा, म्हणजे पल्पचा छोटा उद्योग टाकलाय. पिकलेलं सीताफळ दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाही, म्हणून गर काढून फ्रीझ करायचा आणि आइस्क्रीमवाल्यांना, केटरर्सना विकायचा. तुम्ही मोबाइलवर एआयला सांगितलं, "माझ्या पल्पची भारी जाहिरात लिही." अर्ध्या मिनिटात मजकूर तयार! तो टाकण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

प्रश्न 1 : हे खरं आहे का?

एआयने तुमचा कारखाना पाहिलेला नाही. वाचलेल्या लाखो जाहिरातींवरून शोभतील असे शब्द ते जोडतं. त्यामुळे अशी वाक्यं सहज येऊ शकतात :

- "मधुमेह आटोक्यात ठेवतं." असा दावा सिद्ध करता येत नसेल तर लगेच खोडा. अन्नपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे.
- "अस्सल बीडचं जीआय सीताफळ." बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये जीआय मिळालं. हे नाव सगळ्या जिल्ह्याची कमाई आहे. बाहेरून आणलेल्या फळावर ते लावलं, तर बालाघाटच्या डोंगरात सीताफळ पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा भाव तुम्हीच पाडताय. शिवाय जीआयचा खोटा वापर हा गुन्हा आहे, त्याला तुरुंगवासही होऊ शकतो.
- फोटो. गर हवेत उघडा राहिला की काळपट पडतो. एआयच्या फोटोत मात्र तो पांढराशुभ्र! गिऱ्हाईक फोटो बघून ऑर्डर देणार आणि डबा उघडल्यावर फोन करणार. त्यापेक्षा आपल्याच डब्याचा, उजेडात काढलेला साधा फोटो टाका.

आणि "दहा चांगले रिव्ह्यू लिहून दे" असं तर एआयला कधीच सांगू नका. न झालेल्या गिऱ्हाइकाचं मत छापणं ही सरळ फसवणूक आहे.

प्रश्न 2 : ही माहिती कुणाची?

गिऱ्हाइकांची नावं, नंबर, उधारीची यादी एआयमध्ये टाकून हिशोब करून घेणं सोपं वाटतं. पण ती माहिती त्यांनी तुम्हाला दिली, तीही डिलिव्हरीसाठी. वैयक्तिक डेटासाठी 2023 चा कायदा झालाय, त्याचे नियमही 2025 मध्ये आलेत. सोपा उपाय : नावाऐवजी "ग्राहक 1, ग्राहक 2" लिहा, नंबर काढून टाका. हिशोब तसाच होतो.

प्रश्न 3 : उत्तर कोण देणार?

कॅनडात एअर कॅनडा कंपनीच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. चॅटबॉटच्या बोलण्याला आपण जबाबदार नाही, असा कंपनीचा बचाव होता. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे चाललं नाही, तर "साहेब, एआयने लिहिलं होतं" हे आपलं कुठं चालणार?

मित्रांनो, एआय वापरायचंच. छोट्या उद्योजकाला पगारी कॉपीरायटर परवडत नाही, तिथं हे मोठं बळ आहे. पण त्याला नवीन लागलेल्या पोरासारखं वागवा. काम सांगा, करून घ्या आणि तपासल्याशिवाय गिऱ्हाइकासमोर जाऊ देऊ नका.

आजचा गृहपाठ : तुमची शेवटची जाहिरात उघडा. प्रत्येक वाक्यापुढे पुरावा लिहा : बिल, लॅब रिपोर्ट, शेतकऱ्याची पावती. ज्या वाक्यापुढची जागा रिकामी राहील, ते वाक्य आजच काढा.

लेबलवर नाव तुमचं आहे, आणि उद्याची ऑर्डर त्याच नावावर येणार आहे.