बाटलीचा धागा आणि आपला बाजार

शहागंजात आम्ही कापड हाताने चोळून ओळखतो, पण स्वस्त पॉलिएस्टरचा धागा कुठून येतो हे फारसे कोणी विचारत नाही. त्यातला बराचसा पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांतून येतो. कबाडी बाटल्या निवडतो, कारखाना त्या धुऊन तुकडे करतो आणि वितळवून तंतू ओढतो. उशी-रजईत भरायचा पॉलिएस्टरचा कापूसही त्याच घरचा. आपल्या पिंजारी बांधवांना तो ठाऊक आहे.

या धंद्याचे जुने दुखणे असे, की खनिज तेल उतरले की कोरे पॉलिएस्टर स्वस्त होते आणि जुन्या बाटलीला कोणी विचारत नाही. धुण्याची मजुरी आणि गाडीभाडे मात्र तेवढेच राहते. 2020 साली तेल कोसळले तेव्हा जगभर हेच झाले.

फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्र सरकारने उत्पादकाच्या जबाबदारीचे नियम काढले. वेष्टनाचे प्लास्टिक बाजारात आणणारा उत्पादक, आयातदार किंवा ब्रँडमालक यांनी ठरल्या प्रमाणात त्याची विल्हेवाट करून द्यायची, नाहीतर नोंदणी झालेल्या कारखान्याकडून तसे प्रमाणपत्र विकत घ्यायचे. म्हणजे कारखान्याला मालाचे पैसे वेगळे, कागदाचे वेगळे. शिवाय बाटलीसारख्या टणक वेष्टनात जुन्या प्लास्टिकचा वाटा 2025-26 साठी 30 टक्के आणि 2028-29 साठी 60 टक्के ठरवला. आता बाटलीवाल्यालाच जुनी बाटली हवी असेल, तर धाग्याच्या कारखान्याला तीच चढ्या भावाने घ्यावी लागेल. रजई शिवणाऱ्याने भरणीचा भाव ठरवताना हे ध्यानात ठेवावे.

कागदाला भाव आला तशी लबाडीही आली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला 2023 साली महाराष्ट्र, गुजरात व कर्नाटकातील काही कारखान्यांची सुमारे 6 लाख खोटी प्रमाणपत्रे सापडली. माल न धुता कागद विकणे म्हणजे आमच्या मते मापात पाप, आणि माप पुरे देण्याची ताकीद कुरआन शरीफात आहेच.

प्रमाणपत्र कारखान्याला मिळते, कबाड्याला नाही. त्याच्या हाती फक्त निवड आणि वजन. 2018 साली नारेगावचा डेपो बंद पडून शहरात कचऱ्याचे ढीग लागले, तेव्हा ओल्यात मिसळलेल्या मालाची काय गत होते ते आपण पाहिले. पांढरी बाटली, रंगीत बाटली, झाकणे आणि साडीच्या पारदर्शक पिशव्या वेगवेगळ्या ठेवाव्यात. माल नोंदणी असलेल्या कारखान्यालाच द्यावा आणि वजनाची पक्की पावती घ्यावी. आपण दुकानदारांनी गाठी फोडल्यावर निघणारे वेष्टन रस्त्यावर न टाकता कोरडेच कबाड्याच्या हाती द्यावे.