जुन्या गाडीच्या स्टिअरिंगची थरथर

दर्यापूर-मूर्तिजापूरकडील काळ्या चिकण मातीतून ये-जा करणाऱ्या जुन्या बोलेरो गाडीचे स्टिअरिंग ताशी ७० ते ९० किलोमीटर वेगास थरथरू लागले, आणि बॅलन्सिंग करूनही ती थरथर परत आली, तर शेतकरी बंधूंनी प्रथम रिमची आतील बाजू पाहावी. तेथे वाळून बसलेला चिखल चाकाचा तोल बिघडवितो. पुढे त्याचे ढेकूळ गळून पडले की केलेले बॅलन्सिंग व्यर्थ जाते. म्हणून आधी चाक धुवावे, मग बॅलन्सिंग करावे. घाईच्या दिवसांत नेमके हेच राहून जाते.

तरीही दोष उरल्यास पुढील चाके मागे व मागील पुढे घालावीत. थरथर स्टिअरिंग सोडून आसनाखाली जाणवू लागली, तर दोष टायरचा किंवा रिमचा समजावा. ती तशीच राहिली, तर मागील चाकांखाली दगड लावून पुढील भाग जॅकने उचलावा व चाक हलवून पाहावे. वर-खाली खेळ असल्यास बेअरिंग वा बॉल जॉइंट, आडवा असल्यास बहुधा टाय-रॉडचे टोक झिजलेले असते. केवळ ब्रेक दाबताना थरथर होत असेल, तर डिस्क तपासावी.

टाय-रॉडचे टोक निखळले तर चाक ताब्यात राहत नाही. तेथे ढिलेपणा आढळल्यास दुरुस्तीपूर्वी गाडी रस्त्यावर नेऊ नये.