आडवा शब्द : अडथळा

इंग्रजी शब्दकोड्यात 'गोल्फमधला अडथळा' असं आलं की ट्रॅप नाहीतर बंकर, हे आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना पाठच असतं. बंकरला तिथे सहा घरं लागतात, मराठीत फक्त तीन: बं, क, र. आपण काना-मात्रेसकट अख्खं अक्षर एका घरात बसवतो. जोडाक्षरालाही एकच घर.

पण चकलांब्यात बसून कोडं रचायचं तर गोल्फच कशाला? आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आहे की! त्याची ३००० मीटर स्टीपलचेस म्हणजे २८ अडथळे, शिवाय पाण्यावरच्या ७ उड्या. हर्डल धक्क्याने पडतं, हे अडथळे हलतसुद्धा नाहीत. हांगझोऊच्या एशियाडमध्ये (२०२३) त्याने ८ मिनिटं १९.५० सेकंदांत सुवर्ण घेतलं.

तर आडवा शब्द: 'साबळे ज्यावरून उडी मारतो', चार घरं. अ-ड-थ-ळा. आता ळा मधून उभा शब्द काढा. मराठीत ळ ने शब्द सुरू होत नाही, म्हणजे ळा मधे किंवा शेवटी हवा. 'शाळा' चालेल, 'फळ' नाही, कारण कानासुद्धा जुळला पाहिजे. खरी गंमत इथेच आहे!

'साबळे' आडवा घेतलात तर ळे वर संपणारा उभा शब्द: 'गोल्फच्या मैदानातला पाण्याचा अडथळा', दोन घरं. तळे.