दुसऱ्याची विडी, आपला श्वास

आमचे बालपण मुंबईत, नायगावच्या बी.डी.डी. चाळीत गेले. एकशे साठ चौरस फुटांची एक खोली. तीत घरची सहा माणसे आणि नोकरीच्या शोधात गावाहून आलेले दोन-तीन पाहुणे. रात्री जेवणे झाली की पुरुषमंडळी विड्या पेटवीत. आमची धाकटी बहीण मध्यरात्री धाप लागून उठून बसे आणि आई तिची पाठ चोळीत राही. "थंडी बाधली," असे सगळे म्हणत. विडीचे नाव कोणीच घेतले नाही, आम्हीही नाही. आज बहीण स्वतः आई झाली आहे, पण दम्याचा पंप तिच्या पिशवीतून सुटलेला नाही. तिच्या दम्याचे सारे खापर आम्ही विडीवर फोडत नाही. परंतु त्या धुराने तिचा त्रास वाढला, हे आज आम्हांस कळते. म्हणूनच हा विषय सभासद व विद्यार्थी यांच्यापुढे मांडावासा वाटतो.

विडी-सिगारेटचा धूर दोन प्रकारे हवेत येतो. ओढणारा सोडतो तो एक आणि जळत्या टोकातून सतत निघतो तो दुसरा. शेजारी बसलेला माणूस हे दोन्ही धूर श्वासावाटे घेतो. या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक द्रव्ये असतात व त्यांतील सुमारे सत्तर कर्करोगास कारण ठरतात. १९८१ साली जपानचे डॉ. ताकेशी हिरायामा यांनी ९१,५४० धूम्रपान न करणाऱ्या विवाहित स्त्रियांच्या चौदा वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचे पती खूप सिगारेट ओढत, त्या स्त्रियांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक आढळले. लहान मुलांना या धुरामुळे दमा, न्यूमोनिया व कानाचे विकार जडतात. खिडकी उघडली वा पंखा लावला म्हणून हा धोका टळत नाही. भारतात २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार ३८.७ टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याच्या धुराला तोंड द्यावे लागत होते.

आता कायद्याकडे वळू. १९९९ साली केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बेकायदा ठरविले. पुढे मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर तशी बंदी घालण्याचा आदेश दिला. त्याला आधार होता संविधानाच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा. जो धूम्रपान करीतच नाही, त्याने दुसऱ्याच्या धुरापायी आयुष्य का गमवावे, हा न्यायालयापुढील प्रश्न होता. त्यानंतर २००३ चा कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे सुधारित नियम अमलात आले.

या नियमांनुसार कार्यालये, बसस्थानके, उपाहारगृहे, दवाखाने, वाचनालये येथे धूम्रपान केल्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड होतो. प्रवेशद्वाराशी किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक हवा आणि तक्रार कोणाकडे करावी त्याचे नाव त्यावर हवे. रक्षापात्र वा काडेपेटी ठेवण्यास मनाई आहे. जागेचा चालकही जबाबदार असतो. धूम्रपानासाठी वेगळी खोली ठेवण्याची मुभा हॉटेलांपैकी तीस वा अधिक खोल्यांच्या हॉटेललाच आहे.

आमच्या तारकर्लीत पर्यटन वाढले, ही आनंदाची गोष्ट. चार पैसे घरात येऊ लागले. परंतु चार खोल्यांच्या निवासात पाहुणा पडवीत सिगारेट पेटवतो आणि धूर थेट माजघरात, पाळण्यापर्यंत जातो. एका घरमालकाशी आम्ही याविषयी बोललो. तो म्हणाला, "पावण्याक नाय कसा म्हणूचा?" त्याची अडचण खरी आहे, गिऱ्हाईक दुखावले तर हंगाम बुडतो. पण खोली देतानाच नम्रपणे नियम सांगितला, तर फारसे कोणी रागावत नाही. वाद होतो तो सिगारेट पेटल्यावर टोकले म्हणजे.

स्वतःच्या राहत्या घरात मात्र हा कायदा पोचत नाही. तेथे आपणच नियम करावयाचा. त्यासाठी काही सूचना :

१) घरात, पडवीत व गाडीत कोणीही धूम्रपान करू नये. ज्याला ओढावयाची असेल त्याने घरापासून दूर, उघड्यावर जावे.
२) चाळ वा इमारतीतील रहिवाशांनी सभेत ठराव करून जिना व गॅलरी धूरमुक्त ठेवावी.
३) समाजमंदिरात सभा व लग्नकार्याच्या वेळी फलक लावावा व एका कार्यकर्त्यावर जबाबदारी सोपवावी.
४) विडी ओढणाऱ्यास हिणवू नये. ते व्यसन आहे. सोडण्यासाठी त्याला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी.

आमचे वडील वाईट नव्हते. धाकटीला दवाखान्यात खांद्यावरून नेणारे तेच होते. विडीचा धूर तिला बाधतो, हे त्यांना कोणी सांगितले असते तर त्यांनी ती नक्की खाली जाऊन ओढली असती. सांगणारे कोणी नव्हते, एवढेच. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला आता हे ठाऊक झाले आहे. आज घरी गेल्यावर ते सांगा.